रमाकांतांचं लॅटिन

उत्तरेतल्या एका हिंदीभाषिक शहरात, शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत रमाकांत एकटेच राहत. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा केदार जर्मनीत स्थिरावला होता. जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलेल्या या माणसाला आता दिवसाकाठी बोलायला मिळे ते दूधवाल्याशी, तेही हिंदीत.

दिवाळीत केदारची मुलगी, नात अंतरा, जर्मनीहून फोनवर तिच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाली, “आबा, शाळेत लॅटिन घेतलंय. बहुत टफ आहे!”

“अगं, ती तर संस्कृतची बहीणच. मी शिकतो आणि तुला शिकवतो.”

त्यांनी व्याकरणाचं पुस्तक मागवलं आणि शाळकरी पोरासारखे घोकायला बसले. आठ विभक्त्या कोळून प्यायलेल्याला सहा काय जड? तरीही प्रत्यय चुकत आणि ते स्वतःवरच चिडत. ‘इग्निस’ म्हणजे अग्नी, ‘माटेर’ म्हणजे माता, अशी ओळखीची माणसं भेटली की जीव सुखावे. एका दुपारी ‘नेप्टिस’ सापडला. नेप्टिस म्हणजे नात. संस्कृतातली नप्त्री! ते ताडकन उठले. सांगायला घरात कोणी नव्हतं. रविवारच्या फोनपर्यंत त्यांनी तो शब्द जपून ठेवला.

“अंतरा, तुला एक गंमत सांगतो...”

“आबा, लॅटिन तो मैंने छोड़ दिया. फ्रेंच घेतलं. बाबाने सांगितलं नाही?”

“नाही गं. असू दे. फ्रेंचही छान असते.”

“गंमत काय होती?”

“काही नाही. जेवलीस का?”

काही दिवस पुस्तक मिटलेलंच राहिलं. मग अर्धवट सोडलेला धडा त्यांना स्वस्थ बसू देईना. शहरातल्याच मुरार भागातल्या चर्चमधले वयस्क फादर लॅटिन शिकलेले आहेत असं कळलं, तसे ते सवारी वाहणाऱ्या टेम्पोने तिथे गेले.

फादर थक्क झाले. “लॅटिन? अरे, मुझे तो बोले ज़माना हो गया!” त्यांनी डोळे मिटून ‘प्रेम करणे’ हे क्रियापद चालवायला घेतलं, “आमो, आमास, आमात...” आणि अडले.

“आमामुस,” रमाकांत हळूच म्हणाले.

“हाँ, आमामुस!” दोघेही हसले. तेवढ्यात बाप्तिस्म्याची मंडळी आली. “फिर आइएगा,” म्हणत फादर लगबगीने आत गेले.

पुढच्या आठवड्यात रमाकांत पुन्हा गेले, तर फादर निवृत्त होऊन केरळला परतल्याचं कळलं. ते रिकाम्या चर्चमधल्या बाकावर जरा टेकले. मग पिशवीतून पुस्तक काढलं आणि पुढचा धडा मोठ्याने वाचू लागले.