हरकतदार

मास्तरांनी हरकतीचा अर्ज खिडकीतून आत सरकवला. कारकुनाने तो न वाचताच परत सरकवला.

"यंदा नाही घेता येणार, मास्तर."

"मुदत परवापर्यंत आहे."

"मुदत आहे हो, माणूस नाही. त्यानं या वेळी नाव घालायला अर्जच केलेला नाही. हरकत घ्यायची कशावर?" कारकून हसला. "न खेळताच जिंकलात की! लोक स्वतःचं नाव घालायला फिरकत नाहीत आणि तुम्ही दुसऱ्याचं अडवायला मुदतीआधी हजर."

मास्तर हसले नाहीत.

कायदा तसा सरळ होता. खुनाची शिक्षा भोगून सुटलेल्याला मतदार यादीत परत यायचं तर अर्ज करावा लागे. आणि ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांना हरकत घेता येई. मास्तरांनी तीनदा घेतली होती आणि तिन्ही वेळा अर्ज फेटाळला गेला होता. लोकांना वाटे, म्हातारा डूख धरून आहे. डूख होताच. पण सुनावणीच्या आधी खुनाच्या खटल्याचं निकालपत्र वाचायची पद्धत होती. सगळ्यांनी उभं राहायचं आणि अधिकाऱ्याने खड्या आवाजात मास्तरांच्या मुलाचं पूर्ण नाव घ्यायचं, वय वर्षं बावीस. बायको गेल्यापासून घरात ते नाव कुणी घेत नव्हतं. लेक फोनवर, विषय निघायच्या आतच, गोळ्या घेतल्या का विचारी. ते नाव आता जगात मोठ्याने उच्चारलं जाई ते फक्त सरकारी खर्चाने, यादी नव्याने होई तेव्हा.

"नाव घालायचा एक कोरा अर्ज द्या," मास्तर म्हणाले.

"तुमचं आहे की यादीत."

"द्या."

तो माणूस जुन्या खुर्च्यांच्या गाद्या शिवायचा. मास्तर दुकानात शिरले तेव्हा त्याच्या तोंडात खिळे होते. ते त्याने एकेक करून तळहातावर काढले आणि उठून उभा राहिला. बसा म्हणायची सोय नव्हती. सगळ्या खुर्च्यांची पोटं फाडलेली होती.

"अर्ज का नाही केलास?"

"भाऊ गेला, सर. माझ्या वागणुकीची ग्वाही तोच द्यायचा. आता कोण देणार? मालक म्हणतात, काम देतोय तेच पुष्कळ समज."

"एवढंच?"

"नाही. मत द्यावंसं वाटतं हो. चार माणसांसारखं रांगेत उभं राहावंसं वाटतं. पण त्यासाठी आधी तिथं उभं राहून ते नाव ऐकावं लागतं. तीनदा ऐकलं. आता नाही ऐकवत."

"तुला नाही ऐकवत," मास्तर म्हणाले.

त्यांनी कामाच्या फळीवरचा भुसा हाताने झाडला, अर्ज पसरला आणि शाळेत दाखले भरायचे त्याच अक्षरात भरायला घेतला. त्याचं नाव त्यांना विचारावं लागलं नाही. त्याच्या बापाचंही नाही. ग्वाही देणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता? एकोणीस.

तो वाकून बघत होता.

"सर, म्हणजे या वेळी तुम्ही हरकत नाही घेणार?"

"घेणार."

"ग्वाही तुमची आणि हरकतही तुमचीच? असं चालतं?"

"नियमात मनाई नाही. वाचलेत मी."

"मग पुन्हा फेटाळतील की."

"फेटाळतील."

मग मास्तरांनी शेवटचा रकाना वाचला. वागणूक. पेन तिथे थोडा वेळ टेकून राहिलं, कागदावर शाईचा ठिपका उमटला. त्या ठिपक्यापुढे त्यांनी 'चांगली' असं लिहिलं, खाली सही केली आणि पेन त्याच्यासमोर धरलं.

"तुझी इथं."

त्याने दोन्ही हात शर्टाला पुसले आणि पेन घेतलं.