दोन शिफारसपत्रं

मधुसूदन सरांनी दोन कोरे लेटरहेड टेबलावरून पुढं सरकवले आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून वर काचेचा गोळा ठेवला.

"दोघींचीही पत्रं तूच लिहून आण, हरिप्रिया. मी सही करतो."

"ऋजुताचंही?"

"तिचंही. तिच्या इंग्रजीचं तुला ठाऊकच आहे. आणि शुक्रवारी दोन्ही अर्ज एकत्रच गेले पाहिजेत."

यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या त्या छोट्या संस्थेत ज्याची शिफारस त्यानंच लिहायची आणि सरांनी न वाचता खाली सही ठोकायची, अशीच रीत होती. सर मनानं वाईट नव्हते. आळशी होते, एवढंच.

अर्ज होता दिल्लीच्या एका न्यासाच्या पाठ्यवृत्तीचा. शिक्षणशास्त्रात पीएच.डी., तीन वर्षं फीपासून राहण्या-खाण्यापर्यंत सगळं न्यासाकडे. दक्षिणेतून जागा मात्र एकच, आणि वय तिशीच्या आत. हरिप्रियाला एकोणतीस संपत आलं होतं. घरी वडिलांनी, जनकोजींनी, आपल्या तंजावरी मराठीत दिवाळीतच बजावलं होतं.

"ह्या खेपेस जमलें नाही तर वेलूरास होय म्हणायचें. मग मज काही सांगायचें नाही."

वेलूरचं स्थळ म्हणजे बेचाळीस वर्षांचा बिजवर. तांदळाचं दुकान, आठ वर्षांची मुलगी. हरिप्रियाच्या पुढच्या शिक्षणाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "शिकली तेवढी पुरे की." तिनं ते दाराआडून ऐकलं होतं.

दुपारी ती ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन बसली. आधी स्वतःचं पत्र लिहायला घेतलं. 'कष्टाळू आहे. नियमित आहे. वर्गवारीचे तक्ते अचूक करते.' पुढं हात चालेना. स्वतःची थोरवी स्वतःच कशी गायची? लहानपणापासून घरात ऐकलेलं एकच, आपली तारीफ आपण करू नये, लोक थुंकतात. अर्ध्या तासात सहा ओळी झाल्या, आणि त्या वाचून कुणी तिला कारकून म्हणूनसुद्धा ठेवून घेतलं नसतं.

मग तिनं ऋजुताचं पत्र घेतलं, आणि काय सांगावं, बोटं थांबेनातच.

ऋजुता पुण्याची. नवरा सिद्धार्थ इरुंगाट्टुकोट्टैच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, म्हणून दोन वर्षांपूर्वी ती इथं आली. तमिळचा एक शब्द येत नव्हता. दोघी एम.फिल.च्या कामासाठी शोळिंगनल्लूरच्या सरकारी शाळेत जायच्या. समोर सॉफ्टवेअरवाल्यांच्या काचेच्या इमारती, मागं ही शाळा, आणि शाळेत त्या इमारती बांधणाऱ्या गवंड्यांची पोरं. वर्गात तोंड उघडत नसत. हरिप्रिया त्यांच्या चाचण्या घेई, तक्ते भरी. ऋजुता सरळ मागच्या बाकावर जाऊन बसे, खडू, चप्पल, सरडा, दिसेल ते दाखवून नाव विचारी आणि हटकून चुकीचं म्हणे. पोरं खिदळत. मग दुरुस्त करत. वर्षभर मुकी राहिलेली मुनियम्मा एक दिवस बाकावर उभी राहून तिला ओरडली होती, "तसं नाही टीचर, असं!" ऋजुता एका लाल वहीत तारीख घालून ते शब्द उतरवून घेई. कुणी, केव्हा, काय दुरुस्त केलं, सगळं.

"हे अर्जात लिही ना," हरिप्रिया तिला म्हणाली होती.

"छे गं! ती तर मजा. अर्जात काहीतरी भारदस्त नको का?" असं म्हणून ऋजुतानं आपल्या निबंधात पुस्तकांतले जडजड शब्द भरले होते.

हरिप्रियानं ते सगळं पत्रात लिहिलं. शिकवणारी चुकते म्हटल्यावर न बोलणारी मुलं कशी बोलू लागतात, ते लिहिलं. मुनियम्मा लिहिली. लाल वही लिहिली. दीड पान झालं. वाचून तिचे डोळे भरून आले. इतकं चांगलं तिनं आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

नंतर दोन्ही पत्रं पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून ती किती तरी वेळ बसून राहिली.

त्यात युक्ती अशी काही नव्हती. संगणकाला सांगायचं, हे नाव काढ आणि ते घाल. ऋजुताच्या पत्रात नऊ ठिकाणी नाव बदललं, स्वतःच्या पत्रात चार ठिकाणी. तिनं एकदा घाईघाईनं नजर फिरवली, दोन्ही पत्रं लेटरहेडवर छापून घेतली आणि पंख्याखाली बसूनही घामानं भिजलेली ती पैसे देऊन बाहेर पडली. सरांनी शुक्रवारी दोन्हींवर सही केली. पेनात शाई उतरायचीही त्यांनी वाट पाहिली नाही, एक सही फिकी आली.

मुलाखतीचं बोलावणं मार्चमध्ये आलं. हरिप्रियाला आलं, ऋजुताला नाही.

"अगं, मला वाटलंच होतं!" ऋजुतानं फोनवर ओरडून सांगितलं. "तूच जायला हवंस."

हॉटेलातल्या एका खोलीत मुलाखती होत्या. बाहेर बाकावर बसलेल्या हरिप्रियासाठी चहापाण्यावरचे सुब्बा पाणी घेऊन आले. साठीचे गृहस्थ. ती तमिळमध्ये बोलू लागली तसे ते खूश झाले. तंजावरकडच्या दिसता, म्हणाले. बोलण्यावरून ओळखलं. त्यांच्या बायकोचं माहेर तिकडचंच. दहा मिनिटं दोघं कावेरीच्या पाण्याबद्दल बोलत होती.

आत दिल्लीहून आलेले तिघं होते. मधल्या बाई चष्म्यावरून हसल्या. त्यांच्या हातात मधुसूदन सरांचं पत्र होतं.

"आम्ही तिघांनीही हे दोन-दोनदा वाचलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या निबंधात यातलं काहीच कसं नाही?"

"स्वतःबद्दल लिहायला संकोच वाटला, मॅडम."

"आणि हे वाक्य तर फारच सुंदर आहे. मातृभाषा मराठी. तमिळ अजिबात येत नव्हतं, ते तुम्ही या मुलांकडूनच शिकलात."

घाईनं वाचताना त्या वाक्यावरून हरिप्रियाची नजर घसरली होती. मातृभाषा मराठी, हे तर दोघींचंही खरं होतं. तेवढंच वाचून ती पुढं गेली होती.

तिच्या घराण्याची माणसं तीनशे वर्षं या मुलखात जन्मली आणि मेली. आजी वारली ती तमिळमध्ये देवाचं नाव घेत. हरिप्रियाला राग येई तो तमिळमध्ये, स्वप्नं पडत ती तमिळमध्ये.

"शाळा तर इथलीच दिसते," डावीकडचे गृहस्थ पानं उलटत म्हणाले.

"इंग्रजी माध्यम, सर. घरी मराठीच बोलतो."

दोन्ही खरं होतं.

"मग तमिळ मुलांकडूनच?"

"हो सर. मुलांकडूनच."

तेवढ्यात सुब्बा चहाचा ट्रे घेऊन आत आले. तिच्यापुढं कप ठेवून त्यांनी आपलेपणानं तमिळमध्ये विचारलं, साखर घालू का, मा? तिघंही कौतुकानं तिच्याकडं बघत होते. हरिप्रियानं तोंड उघडलं, आणि त्यातून ऋजुताचं तमिळ बाहेर पडलं. अडखळतं, क्रियापद चुकलेलं, साखरेचा उच्चार पार पुण्याचा. बाई खळखळून हसल्या.

सुब्बांच्या हातातला चमचा जागच्या जागी थांबला. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं. मग साखर न घालताच ते ट्रे घेऊन निघून गेले.

"ती लाल वही जपून ठेवा," निघताना बाई म्हणाल्या. "तुमच्या प्रबंधाचा पायाच आहे ती. निवड झाली तर रुजू होताना मूळ वही आम्हाला बघायची आहे."

"हो मॅडम."

निवड झाली. मे महिन्यात पत्र आलं, जनकोजींनी ते देवापुढं ठेवलं आणि वेलूरला फोन करून नाही कळवलं. मुलीनं नाव काढलं म्हणून ते गल्लीभर सांगत फिरले. हरिप्रिया मात्र दिवस मोजत होती. जुलैत रुजू व्हायचं, आणि वही कुठून आणायची? नवी लिहावी, तर वर्षभराचे शब्द आणि तारखा कुठून आणायच्या? ऋजुताकडं मागावी, तर काय म्हणून मागायची? चोराच्या मनात चांदणं, तसं फोन वाजला तरी ती आधी नाव बघे.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ऋजुता आपण होऊन दारात उभी राहिली. हातात मिठाईचा डबा. जनकोजी दार उघडायला गेले, तर ती मोडक्यातोडक्या तमिळमध्येच सुरू झाली. म्हातारा हसून हसून बेजार.

"तुज तमिळ कोण शिकविलें, कन्ना?" त्यांनी लाडानं विचारलं.

"शाळेतल्या पोरांनी, अप्पा!"

हरिप्रिया कॉफीचे पेले घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

कॉफी पिताना कळलं की सिद्धार्थ नोकरी सोडून पुण्याला परत चालला आहे. ऋजुतानं हळू आवाजात सांगितलं, "पाठ्यवृत्ती मिळाली असती तर मी इथंच राहणार होते. एकटी. तसं त्याला सांगूनही टाकलं होतं. आता काय, जायचं." ती पेल्यात बघत राहिली. मग विचारलं, "सरांच्या पत्रात माझ्याबद्दल काय होतं गं? टाइप तूच केलं होतंस ना?"

"चांगलं होतं," हरिप्रिया म्हणाली. "फार चांगलं लिहिलं होतं."

"खरं? मग ठीक आहे." ऋजुताचा चेहरा जरा उजळला. "मला वाटायचं, माझ्याकडं कुणी बघितलंच नाही."

मग तिनं पिशवीत हात घातला आणि लाल वही काढून पुढं धरली. कोपरे दुमडलेले, वर मुनियम्माच्या अक्षरात काढलेलं ऋजुताचं नाव, तमिळमध्ये.

"ही तुला. सामान बांधताना टाकवेना. मला आता काय उपयोग? तुझ्या कामी आली तर बघ."

हरिप्रियाच्या दोन्ही हातांत अजून पेला होता.

"घे की, मा," जनकोजी खुर्चीतून म्हणाले. "किती प्रेमानें देते आहे पोर."

हरिप्रियानं पेला खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि वही घेतली.