उजव्या पायाची चप्पल

वैशाखातली साडेअकराची वेळ. महामार्गाचं डांबर मऊ पडून चकाकू लागलेलं, लळिंगच्या डोंगरावर उन्हाची पांढरी झिलई चढलेली, आणि आमच्या दुकानाच्या पत्र्याखाली एक पिकअप गाडी जागच्या जागी धडधडते आहे. उघड्या बॉनेटवर एक माणूस ओणवा झाला आहे. हातभर लांबीच्या पेचकसाचं पोलादी टोक इंजिनाच्या अंगावर टेकलेलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. आजूबाजूने ट्रक गर्जत जातात, ऊसवाले घुंगरू वाजवतात, पण तो माणूस त्या लोखंडाच्या पोटातला एकच सूर शोधत असतो. आणि तो सापडला की त्याच्या डाव्या भुवईत मोराच्या मानेसारखी एक सूक्ष्म लकेर उठते.

ते माझे यजमान. साऱ्या धुळ्याचे नाना मिस्तरी. डिझेलच्या पिकअप गाड्यांची इंजिनं ते जुळवून देत, म्हणजे तेवढ्याच डिझेलमध्ये गाडी चार किलोमीटर जास्त चालावी असा तिचा श्वास बसवून देत. ड्रायव्हर लोक त्याला अ‍ॅव्हरेज काढणं म्हणतात. नाना त्याला काहीच म्हणत नसत. बोलणं हा त्यांच्या लेखी वाया गेलेला धूर होता.

आणि मी? मी एरंडोलच्या मास्तरांची मुलगी. मॅट्रिक पास, दोन वेण्या, नाक गगनाला भिडलेलं, आणि उशीखाली चंद्रावरच्या कवितांची वही. मला भुसावळच्या रेल्वे कचेरीतला पांढऱ्या सदऱ्याचा कारकून हवा होता, ज्याच्या बोटांना फार तर शाईचा डाग असेल. नशिबी आला तो हा तेलकट ऋषी. लग्नानंतरचा पहिला आठवडा मी नाकाला मोगऱ्याचा गजरा लावून काढला. आज त्या पोरीची आठवण झाली की वाटतं, तिला समोर बसवावं, तिच्या वेण्या हलकेच ओढाव्यात आणि म्हणावं, बाई गं, ज्या वासाला तू नाक मुरडतेस ना, तोच वास पुढे एखाद्या जुन्या फडक्यात सापडावा म्हणून तू कपाटं उपसणार आहेस.

त्या कवयित्रीचा पराक्रम तर पुढेच आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला नाना उंबऱ्यापाशी पायातलं काढायला लावत. जमीन काळीकुट्ट, तेलाने माखलेली, देवाचा फोटोसुद्धा कॅलेंडरवरचा. तरी हा नियम. मला वाटलं, किती श्रद्धाळू माणूस, कामाच्या जागेला मंदिर मानतो! माझं मन भरून आलं. एका सकाळी सहा ड्रायव्हर आत बसले असताना मी बादली आणि काथ्या घेऊन उंबऱ्यावर बसले आणि त्यांच्या सगळ्या चपला तळापासून घासून, चकचकीत करून, देवळाबाहेर ठेवतात तशा ओळीने मांडल्या. नाना बाहेर आले. एक चप्पल उलटी करून पाहिली, दुसरी पाहिली, आणि तिथेच मटकन बसले.

"काय करं तू हाई," ते इतकंच म्हणाले. "बठ्ठं पुसी टाकं."

सगळं पुसून टाकलंस, म्हणे. तेव्हा कळलं की तो नियम भक्तीचा नव्हता. नाना चपलांचे तळवे वाचत. विशेषतः उजव्या पायाचा. रेस देणारा पाय तो. कुठे धूळ दाबून बसली आहे, कुठे तेल मुरलं आहे, अंगठ्याखाली किती खोल खळगा पडला आहे, टाच घासली आहे की कोरी आहे, यावरून त्यांना माणूस कळे. हा उतावळा, हा भित्रा, हा चढावर गाडीला शिव्या देणारा. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गाड्या नाना दोन वेगळ्या तऱ्हांनी जुळवत, कारण त्यांच्या मते गाडी कारखान्यात अर्धीच घडते. उरलेली अर्धी घडते ती चालवणाऱ्याच्या पायाखाली. आणि मी त्या सहा माणसांची चरित्रं निरमा घालून धुतली होती. चंद्रावर कविता करणाऱ्यांनी जमिनीवरच्या वस्तूंना हात लावू नये, हेच खरं.

ऋतू जसा पळसावर उमटतो तसा तो त्या दुकानावर उमटे. कार्तिकात वेचणीचा कापूस वाहणाऱ्या गाड्या आल्या की पत्र्याला, फळ्यांना, नानांच्या भुवयांनासुद्धा पांढरे तंतू चिकटत आणि त्या चाळिशीच्या माणसाला अकाली वार्धक्य येई. श्रावणात सावद्याच्या केळीच्या गाड्या येत तेव्हा डिझेलच्या उग्र गंधात पिकल्या फळाचा मधुर ओलावा मिसळे. नाना मात्र सर्व ऋतूंत एकच. चवड्यांवर उकिडवे बसलेले, कधीही उठून उभे राहतील असे.

आणि हट्टी. गाडीने काळा धूर ओकावा, रस्त्यावरच्या माणसाने तोंडाला रुमाल लावावा आणि आपण मर्दासारखं पुढे निघून जावं, अशी हौस घेऊन पोरं येत. नाना त्यांना आल्या पावली परत पाठवत. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. आणि जे धड जळलं नाही त्याचा रुबाब कसला? पुढे नव्या गाड्यांना धूर गाळणारी जाळी आली, तेव्हा ती काढून फेकली की गाडी हलकी पळते असं सांगणारे शहाणे महामार्गावर जागोजागी बसले. नानांनी एकाही गाडीची जाळी काढली नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाई. नाना तिकडे पाठ करून चहा पीत.

मग कान गेले. हळूहळू, अमावस्येकडे चंद्र जावा तसे. (बघा, वही अजून उशीखालीच आहे.) आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग मी. मी गेल्याचं त्यांना विशेष दुःख झालेलं दिसलं नाही. पण एके दिवशी त्यांनी पेचकसाची मूठ कानामागे लावली, काढली, पुन्हा लावली, आणि त्यांचा चेहरा विझलेल्या चुलीसारखा झाला. मी दारातून पाहत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मूठ सदऱ्याला पुसली आणि ती दातांत धरली. डोळे मिटले. क्षणभराने डावी भुवई हलली. लोखंडाचा थरार दातांतून, जबड्याच्या हाडातून थेट मस्तकात पोचला होता. माझ्याकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, आणि बहिऱ्या माणसाचं मोठ्याने म्हणजे अख्ख्या चौकाला ऐकू येईल असं, "कान गयात ते काय व्हयनं, दात शेतस ना!"

आमच्या दिलीपला, म्हणजे मुलाला, हे पाहवेना. त्याचंही चुकत नव्हतं. बापाने सत्तरीत पेचकस चावत उभं राहावं हे कोणत्या मुलाला आवडेल? शिवाय गाड्या बदलल्या होत्या. आता इंजिनाला संगणकाचं डोकं आलं होतं. पेच फिरवून काही होत नव्हतं, लॅपटॉप जोडून त्या डोक्यात नवे आकडे भरावे लागत. ते काम आमची नात चैताली जळगावला शिकून आली होती. दिलीपचं म्हणणं, शटर ओढा, जागा हॉटेलला द्या, पोरगी पुण्याला नोकरी करेल. चैतालीला दुकानच हवं होतं. नाना दोघांचे ओठ वाचत राहिले आणि मग म्हणाले, "दोन फेऱ्या. दोन फेऱ्यांत अ‍ॅव्हरेज वाढनं नही, ते मी सोता शटर खाले ओढसू."

गाडी ठरली सुकदेवची. सावद्याचा केळीवाला, ओळखीचा माणूस, पण गाडी आमच्याकडे पहिल्यांदाच आणलेली. अट अशी की धुळ्याच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, सावद्याला जाऊन केळी भरायची, लळिंगचा घाट चढून मालेगावला उतरवायची आणि परत येऊन त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. जितकं मावेल तितकं गाडी प्याली. आधीच्या एका फेरीचं माप घेतलेलं होतं. नानांनी दात लावून इंजिन ऐकलं, नातीला बोटांनी काहीतरी सांगितलं, तिने आकडे भरले. पहिली फेरी झाली. टाकीत बरोबर पूर्वीइतकंच डिझेल मावलं. एक थेंब कमी नाही.

आकड्यांच्या नादात तळवे वाचायचे राहिले होते. नाना उंबऱ्यापाशी आले. सुकदेवने पायातलं काढून ठेवलं होतं, पण मुलीच्या लग्नात घेतलेले पांढरेशुभ्र बूट होते ते; तळवे शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पाटीसारखे कोरे. नानांनी ते उलटे केले, सुलटे केले. त्यांच्या हातात इतकी अनाथ वस्तू मी कधी पाहिली नव्हती.  दिलीपची नजर शटरकडे गेली.

मी उगीच गाडीला वळसा घातला. म्हाताऱ्या बाईने वळसा घातला की लोकांना वाटतं ती प्रदक्षिणा घालते आहे. मागच्या बंपरखाली, नजर लागू नये म्हणून सगळे बांधतात तशी, काळ्या दोऱ्याने बांधलेली एक जुनी चप्पल लोंबकळत होती. मी वाकून पाहिली. उजव्या पायाची.

"सुकदेव, ही कोणाची रे?"

"माहीच, अक्का. पाच वर्सं वापरेल हाये."

मी दोरा सोडायला लागले तसा तो कळवळला. "अक्का, राहू द्या ना. नजर लागंन गाडीले."

"लागू दे थोडी. उतरवायला मी आहे."

ज्या बाईने एके काळी सहा चपला धुऊन टाकल्या तिने ही सातवी, तिच्यावरचा एक कण न पुसता, दोन्ही हातांनी नेऊन नवऱ्यापुढे धरली. नानांनी ती उन्हात तिरपी केली. चवड्याखाली वाटीएवढा खळगा. टाच मात्र जवळपास नवी. म्हणजे हा माणूस गाडी चालवताना टाच खाली टेकवतच नव्हता. साऱ्या पायाचा भार अधांतरी, रेसवर; रस्त्यात खड्डा आला की पाय थरथरणार, आणि पायाच्या प्रत्येक थरथरीसरशी इंजिन एक घोट जास्त पिणार. नानांनी आपला तळहात नातीच्या तळहातावर ठेवला आणि हलके, अगदी हलके दाबला, मग जरा थांबून जास्त. तिला कळलं. तिने लॅपटॉप उघडला आणि रेसचा पहिला दाब मऊ केला, इतका की थरथर वरच्यावर विरावी आणि मनापासून दिलेला दाब तेवढा इंजिनापर्यंत पोचावा.

दुसऱ्या फेरीनंतर पंपावर आम्ही सगळेच गेलो. पंपवाल्याने नळी काढली. तीन लिटर कमी. नानांना काटा दिसत होता, पण विश्वास बसावा म्हणून ते माझ्याकडे पाहत राहिले. मी तीन बोटं वर केली. ते हसले नाहीत. दुकानात आले, ग्रीसचा डबा घेतला, आणि शटरच्या दोन्ही खाचांना वरपासून खालपर्यंत सावकाश ग्रीस लावत बसले. उद्या ते वर जाताना अडू नये म्हणून. दिलीपने शिडी धरली. सुकदेवने चप्पल परत मागून घेतली आणि गाडीच्या बंपरला पुन्हा बांधून आला.

त्यानंतर नाना दोन हिवाळे होते.

दिलीप अजूनही अधूनमधून हॉटेलवाल्याचा निरोप आणतो. मी त्याला चहा देते आणि निरोप तसाच परत पाठवते. चैताली आत लॅपटॉप जोडून बसते, आणि मी उंबऱ्यावर, खुर्ची टाकून. येणाऱ्या प्रत्येकाला पायातलं काढायला लावते. नवे ड्रायव्हर आपसात म्हणतात, म्हातारी फार देवभोळी आहे. म्हणू देत. ते आत वळले की मी काठीच्या टोकाने त्यांची उजवी चप्पल उलटी करते आणि आत ओरडते, "चैते, हा चढावर घाबरतो गं." बहुतेक वेळा बरोबर निघतं. चुकतं तेव्हा मी काठीला दोष देते.

नानांच्या चपला त्याच उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात आहेत. कोणी उचलायला आलं की मी काठी आडवी धरते. चवडे फाटलेले, टाचा कोऱ्या. जन्मभर उठण्याच्या तयारीत बसलेल्या माणसाच्या. शटर सकाळी मुळीच आवाज न करता वर जातं, ऊन आत येतं, आधी त्या कोपऱ्यापर्यंत पोचतं आणि तळव्यांत दबलेली धूळ क्षणभर उजळते. आणि मला वाटतं, काळ माणसाला घासून नाहीसा करतो खरा, पण ज्या जागी तो सर्वांत जास्त घासतो, नेमक्या त्याच जागी त्या माणसाचा भार उरतो, आणि जोवर कोणी ती जागा पुसत नाही, तोवर गेलेला माणूस फक्त आत गेलेला असतो, पायातलं बाहेर काढून.