खिडकीवरचा बोर्ड

तात्यांनी भिंतीला लावायच्या जिप्सम बोर्डाची खालची कड बुटाच्या टोकाने उचलून धरली आणि मुलाने तिच्याखाली फळीचा तुकडा सारला. बोर्ड सिमेंटच्या जमिनीपासून बोटभर वर राहिला.

"टेकवला तर ओल शोषून घेतो," मुलगा म्हणाला.

"ठाऊक आहे मला. हे गॅरेज मी बांधलंय."

ड्रिल घरघरलं आणि एकामागून एक स्क्रू लोखंडी पट्टीत शिरले. जन्मभर टॅक्सी चालवलेले हात बोर्डावर दाबून तात्या उभे होते. गेल्या महिन्यात मुलाने गॅरेजमधली गाडी विकली तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. मग एक दिवस जेवताना मुलाने ताटातली नजर न उचलता सांगून टाकलं, "गॅरेजमध्ये एक खोली करतोय." कोणासाठी, ते त्याने सांगितलं नाही आणि तात्यांनीही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? घरात माणसं तीन. नवरा, बायको आणि म्हातारा. अडगळ कोण, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आपली उचलबांगडी आणि तिला आपलाच हातभार, हे जरा अतीच होतं. तरी ते बाह्या सारून हजर झाले होते. नाही म्हटलं असतं तर म्हातारा रुसला म्हणाले असते.

पुढचा बोर्ड मागच्या भिंतीचा होता. मुलाने तो उचलून सरळ खिडकीवर धरला.

"अरे, खिडकी आहे तिथे!"

"असू दे. कापत बसायचं म्हणजे कटकट. दिवा लावू."

तात्यांचं डोकं फिरलं.

"भरदुपारी दिवा? ऊन-थंडी अडवायला बोर्डामागे ग्लासवूल भरतात, तीही भरली नाहीस. म्हटलं जाऊ दे. आता खिडकीही बुजवतोस? मांजर खोक्यात घालून नेतानासुद्धा भोकं पाडतात रे!"

"तात्या, झोपण्यापुरती तर खोली आहे."

"आणि दिवसभर माणसाने कुठे जायचं? फाटकाशी उभं राहायचं? बाप म्हणून नको, भाडेकरू समजून तरी उजेड दे!"

बोर्ड धरल्याधरल्याच मुलगा वळला.

"तुम्हाला कोण ठेवतंय इथे?"

"मग कोणाला?"

बाहेर सून दोरीवरचे कपडे काढत होती. तिने आपले आणि तात्यांचे कपडे खांद्यावर टाकले, नवऱ्याचे शर्ट दोरीवर तसेच राहू दिले आणि आत निघून गेली. मुलाने तिकडे पाहिलं नाही. त्याने कपाळावरची पांढरी भुकटी बाहीने पुसली, ती आणखीच फासली गेली.

"मला," तो म्हणाला. "ती घरात, मी इथे. आमचं ठरलंय. तुमच्या खोलीला हात लावायचा नाही, हे सगळ्यात आधी ठरलं. तीच म्हणाली."

सून हल्ली स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच दोन घास खायची. ते आपल्यामुळे, असं तात्या धरून चालले होते.

"भांडलात?"

"भांडत होतो तेव्हा बरं होतं."

मुलाने बोर्ड पुन्हा खिडकीवर टेकवला. "धरा जरा. माझं काय, मला चालेल एवढं."

"चालेल?" तात्यांचा आवाज मघापेक्षाही वर गेला. "तुला चालेल म्हणून काय झालं? मला नाही चालणार! खाली ठेव तो बोर्ड."

"तात्या—"

"खाली ठेव म्हणतो ना!"

बोर्ड खाली आला. तात्यांनी खिडकीची कडी ओढली. ती गंजून घट्ट बसली होती, तळहाताने ठोकून काढावी लागली. मग त्यांनी मुलाच्या हातातलं ड्रिल घेतलं, उलटं फिरवलं आणि सकाळपासून बसवलेल्या बोर्डांचे स्क्रू काढायला सुरुवात केली.

"अहो, ते कशाला काढताय?"

"आत काही भरलेलं नाहीस," भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले. "गारठशील."