मधले थांबे गाळा

डेपोच्या साहेबांचा पगार बसच्या वेळेशी बांधला गेला, तेव्हा ड्रायव्हरताईला आनंदच झाला होता. बस वेळेवर पोचल्या तर साहेबांना बक्षीस, असं सरकारने ठरवलं होतं. साहेब लागलीच गॅरेजात उतरले, धूळ खात पडलेल्या गाड्या दुरुस्त करून घेतल्या. बस खरंच सुधारल्या.

पण रस्त्यावरची गर्दी काही साहेबांच्या हुकमात नव्हती. मग त्यांनी सोपी वाट धरली. "उशीर होत असेल तर मधले थांबे गाळा. वेळ शेवटच्या थांब्यावरच मोजतात."

ताईने मान डोलावली. नोकरी होती, करते काय?

एका दुपारी इस्पितळाच्या थांब्यावर कुणीतरी काठी उंचावली. ताईने नजर समोर ठेवून बस पुढे काढली. संध्याकाळी घरी येते तर सासूबाई पलंगावर, पाय सुजून टम्म.

"चालत आले गं. तुझीच बस होती. काठी दाखवली, पण तुझं लक्ष नव्हतं."

लक्ष होतं. काठी कुणाची, तेवढंच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने एकही थांबा सोडला नाही. बस उशिरा पोचली आणि साहेबांचं बोलावणं आलं.

"माझ्या मेहनतीवर पाणी फिरवलंस!"

"रिकामी बस पळवायला कसली मेहनत, साहेब?"

"वरचे जे मोजतात, ते मी देतो. नियम मी केलेला नाही."

"मग वरच्यांना सांगा, मागे राहिलेली माणसंही मोजा."

"ते माझं काम नाही."

ताईचा तोल सुटला. "माणसं नेणं तुमचं काम नाही? गाड्या दुरुस्त केल्यात तेव्हा मी चारचौघांत तुमचं कौतुक करत होते. आता लाज वाटते त्याची!"

दाराबाहेर मिस्त्री ऐकत होते.

ताईची रवानगी गाड्या धुण्यावर झाली. साहेबांना बक्षीस मिळालं, हारतुरेही झाले. त्या दिवशी काम संपल्यावर ताई तडक इस्पितळाच्या थांब्यावर गेली. लांबून बस भरधाव येताना दिसली, तशी ती सरळ रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. ब्रेक करकचून लागले.

"ताई, वेड लागलंय का? बाजूला हो, उशीर होतोय!" ड्रायव्हर ओरडला.

"होऊ दे," ती म्हणाली, आणि मागे वळून थांब्यावर ताटकळलेल्या लोकांवरच खेकसली, "बघताय काय? चढा!"