काउंटरवर बेल नको

"आधी ती बेल काढ," काकू म्हणाल्या.

मुलानं कपाळावर हात मारून घेतला. हमरस्त्यावरचं हे मोटेल त्याच्या वडिलांनी बांधलेलं. पुढे नवा रस्ता झाला, गाड्या तिकडून पळू लागल्या आणि इथे टाळं लागलं. आता त्यानं हट्टानं सगळं पूर्वी होतं तसं उभं केलं होतं: पिस्ता रंगाची दारं, प्रत्येक खोलीला लागून गाडीची शेड, छपरावर लाल निऑनची पाटी. काउंटरवरची पितळी बेल तेवढी हौसेनं विकत आणलेली.

"अगं आई, जुन्या मोटेलांत बेल असतेच."

"आपल्यात नव्हती. दमूनभागून आलेल्या माणसानं वर बेल बडवायची? गाडीचे दिवे वळले की आपण दारात. तू पोटात असतानासुद्धा माझं कधी चुकलं नाही."

"आणि आता तुझे गुडघे?"

घाव वर्मी बसला. काकू एरवी कुणाला ऐकायच्या नाहीत, पण गुडघ्यांपुढे कुणाचं चालतं! बेल राहिली तर हे मोटेल नुसतं दिसायला आपलं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"पहिल्या पाहुण्यानं बेल वाजवली तर राहू दे. नाहीतर मी काढणार," त्यांनी बजावलं. सून शेजारी चादरींच्या घड्या घालत होती.

मोटेल उघडलं त्या दिवशी ऑफिसमागच्या खोलीत काकू खिडकीशी ठाण मांडून बसल्या. चहासुद्धा तिथेच. संध्याकाळी भिंतीवरून उजेडाचा पट्टा सरकला. काकू खुर्चीचे हात धरून उठू लागल्या आणि गुडघ्यानं दगा दिला. बाहेर गाडीचं दार आपटलं. पायरीवर पावलं वाजली. आता बेल वाजणार!

"या, या. फार लांबून आलात का? बॅग द्या इकडे."

आवाज सुनेचा होता. साबणाच्या हातांनीच ती दारात पोचली होती.

पाहुणे खोलीत गेल्यावर काकू भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. "तुला गं कसं कळलं?"

"स्वयंपाकघरातून दिवे दिसतात की. भरल्या ताटावरून उठून धावायचात तुम्ही. मोटेल बंद पडायच्या आधी, नवी नवरी असताना बघितलंय मी."

काकूंचा ऊर अभिमानानं भरून आला. त्यांनी बेल उचलून खणात टाकली. मग मुलाला हाक मारली आणि खिडकीजवळची आपली खुर्ची स्वयंपाकघरात न्यायला सांगितली.