बारूदगाडी आणि वरात

गिअर टाकताना खालून लोखंड भरडल्यासारखा आवाज आला आणि लटारूच्या हातातली दांडी एकदम ढिली पडली. उताराच्या जोरावर गाडी थोडी पुढे गेली, तेवढ्यात त्याने ती डांबरी रस्त्याच्या खाली, मुरमाच्या मोकळ्या जागेवर घेतली आणि ब्रेक दाबला. शेजारी बंदूक घेऊन बसलेल्या श्रावणने काय झाले म्हणून विचारले. लटारूने आधी किल्ली फिरवून गाडी बंद केली, खाली उतरून चाकांना दगड लावले आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना बऱ्याच लांबवर लाल झेंड्या रोवल्या. हे सगळे झाल्यावरच तो गाडीखाली वाकला. गिअरबॉक्समधून तेलाची धार लागली होती.

कोठारी मागे पडली होती, पोंभुर्णा पुढे होते. मधल्या जंगलात एप्रिलचे ऊन सांडले होते. सागावर पान नव्हते, बसायला सावली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लटारूच्या एकुलत्या एका लेकीचे, रिनाचे लग्न होते. त्याचे गाव त्या ठिकाणापासून मोटारसायकलने अर्ध्या तासावर होते.

गाडी बंद लोखंडी पेटीची होती. चारही बाजूंनी मोठ्या अक्षरांत ‘स्फोटके’ असे लिहिलेले. राजुऱ्याकडच्या गोदामातून माल घ्यायचा आणि दगडखाणींवर पोचवायचा, हे लटारू दुर्गे रिना रांगत होती तेव्हापासून करत आला होता. लोक त्याच्या गाडीला बारूदगाडी म्हणत. ती कुठल्या गावात थांबत नसे, चहाच्या टपरीवर थांबत नसे, कुणाला बसवून घेत नसे. ट्रक चालवणारे इतर बाप सुट्टीत पोराबाळांना केबिनमध्ये बसवून फिरवून आणत. रिनाने लहानपणी हट्ट केला होता, रडली होती. लटारूने तिला गाडीच्या दाराला हातही लावू दिला नव्हता, गाडी रिकामी असतानासुद्धा. नोकरी लागली त्या आठवड्यात त्याने बिडी सोडली, ती पुन्हा कधी ओढली नाही.

खरे तर तो सुट्टीवर होता. मांडव पडला होता, पाहुणे यायला लागले होते. पण दुसरा ड्रायव्हर प्रवीण काविळीने आडवा झाला आणि खाणीवर सुरुंगाची भोके पाडून माणसे बसून होती. गोदामाच्या शेठने फोन केला. त्याने हुकूम केला नाही. नुसते म्हणाला की लटारू, तुझ्या हातात गाडी असली की मला झोप लागते, दुसऱ्या कुणाला देऊ? दुपारपर्यंत तर मोकळा होशील. लटारूला नाही म्हणता आले असते. शेठने दोनदा विचारलेही नसते. पण ते वाक्य त्याला गोड लागले. बायको चंदा हळदीचे ताट हातात घेऊन उभी होती. तिला त्याने सांगितले, जातो आणि येतो.

आता गाडी जागची हलणार नव्हती. भरलेली बारूदगाडी दोर लावून ओढायची नसते. माल आत असताना मेकॅनिकने खाली ठोकाठोक करायची नसते. परवाना असलेली दुसरी गाडी यावी, तिच्यात माल उतरावा, मगच ही मोकळी. गाडीपासून दूर चालत गेले की वळणावर एक जागा होती, तिथे फोन लागत असे. लटारूने शेठला कळवले, पोलीस ठाण्याला कळवले. दुसरी गाडी यवतमाळकडे गेली होती. उद्या सकाळी येईल, असे शेठ म्हणाला. मग त्याने चंदाला फोन केला. ती रागावेल असे त्याला वाटले होते. तिने फक्त विचारले, पाणी आहे का तुमच्याजवळ?

रात्र दोघांनी पाळीपाळीने जागून काढली. उजाडता उजाडता लटारूच्या नाकात धुराचा वास गेला आणि तो ताडकन उठला. रस्त्याच्या पलीकडे, मोहाच्या झाडाखाली, एक म्हातारी पालापाचोळा पेटवत होती. पाला जळला की जमीन साफ होते आणि पडलेली मोहफुले वेचायला सोपी जातात. त्या भागात सगळेच तसे करतात. वारा गाडीच्या दिशेने होता. लटारू धावत गेला आणि हात जोडून म्हणाला, “आजी, विझवा. त्या गाडीत बारूद हाये.”

म्हातारीने गाडीकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि पळसाच्या ओल्या फांदीने आग झोडपायला लागली. लटारूही झोडपू लागला. राख थंड झाल्यावर ती टेकली. बुधरी तिचे नाव. इथे कशाला थांबलास, हे तिने विचारले आणि लटारूने, का कोण जाणे, तिला सगळे सांगून टाकले. घरच्या माणसाला सांगावे तसे.

“पोरीचं लगन सोडून बसला?” बुधरी म्हणाली. “हे गाडी रडन का बाबू तुह्यासाठी?”

तिने टोपली उचलली आणि न जळलेल्या पाल्यातून एकेक फूल वेचत बसली. त्या दिवशी तिला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

सकाळी गाडी आली नाही. शेठ म्हणाला दुपारी येईल. ऊन चढायला लागले तेव्हा पोंभुर्ण्याकडे जाणारा त्याच्या गावचाच एक माणूस मोटारसायकलवर आला. तो लग्नालाच निघाला होता. लटारूला पाहून थांबला, तर लटारूनेच पुढे जाऊन त्याला गाडीपासून लांब उभे केले. श्रावण मागोमाग आला.

“लटारूभाऊ, बस याच्या मांगं,” श्रावण म्हणाला. “लगन लागलं का येजो वापस. मी हावो ना इथी.”

“दोघं पायजे, श्रावण. एकट्याले ठेवता येत नाई.”

“कोण पाहून राह्यलं जंगलात?”

 लटारू मोटारसायकलजवळ गेला. मागच्या सीटवर त्याने हात ठेवला. ती उन्हाने तापली होती. त्याच्या मनात मांडव आला, चंदा आली. मग सकाळचा धूर आला. श्रावण मनाचा चांगला होता, पण जेवण झाले की त्याला झोप आवरत नसे. आणखी एक मोहाचे झाड, आणखी एक काडी. लटारूने हात काढून घेतला. जा बाबा तू, उशीर होईल, असे त्या माणसाला सांगितले आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिकडे पाहिले नाही. ती भीती होती की सवय, हे त्याचे त्यालाही पुढे कधी ठरवता आले नाही.

दुपारी त्याचा धाकटा भाऊ हरिदास याने मांडवातून फोन लावला आणि तो तसाच चालू ठेवला. लटारू वळणावर उभा राहून ऐकत होता. बापाच्या जागी हरिदास उभा होता. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घातले, मेणबत्त्या लावल्या, असे त्याने हळूच सांगितले. मग भन्तेजींचा आवाज आला आणि त्यांच्यामागे सगळ्या मांडवाचा. लटारूने चपला काढल्या. फोन खिशात उभा ठेवून त्याने हात जोडले आणि त्या रिकाम्या रस्त्यावर तोही त्यांच्याबरोबर पंचशील म्हणू लागला. मध्येच फोन तुटला. तो तसाच म्हणत राहिला, एकटा, शेवटपर्यंत. मग पाय पोळायला लागले तेव्हा त्याने चपला घातल्या.

पुन्हा फोन लागला तो चंदाशी. लग्न लागले होते, पंगती उठत होत्या. नवरदेव चंदन राजुऱ्याचा. वरात परतताना याच रस्त्याने जाणार होती. रिनाने आधीच सांगून ठेवले होते की बाबांजवळ गाडी थांबवायची, पाया पडायचे आणि मगच पुढे जायचे. चंदाचा आवाज जरा मोकळा झाला होता. पण त्याच बोलण्यात तिने हेही सांगितले की राजुऱ्याच्या पोरांनी फटाक्यांच्या माळाच माळा आणल्या आहेत, निघाल्यापासून वाजवत जाणार म्हणतात.

 लटारूने सांगितले, त्या पोरांना समजाव, इकडे फटाके नकोत. आणि गाडी इथे थांबवू नका. कुणीच थांबू नका.

“तिले काय सांगू?” चंदा म्हणाली. “बापाजवळ थांबू नको म्हणून सांगू?”

“हो,” लटारू म्हणाला. “असंच सांग.”

ऊन कलल्यावर लांबून वाजंत्रीचा आवाज आला. मध्येच तडतड असा फटाक्यांचाही. लटारूने जमिनीतली झेंडी उपटली आणि पोंभुर्ण्याच्या बाजूला जमेल तेवढा पुढे धावत गेला. श्रावणला त्याने गाडीजवळच राहायला सांगितले.

वळणावर आधी नवरीची गाडी दिसली, फुलांच्या माळा लावलेली. तिच्यामागे पोरांनी भरलेली उघडी जीप, आणि जीपच्या मागे बस. नवरीची गाडी त्याला पाहून हळू झाली. ड्रायव्हरने हात बाहेर काढून थांबण्याची खूण केली. लटारूने झेंडी हलवली, पुढे जा, पुढे जा. त्याचे लक्ष जीपकडे होते. जीपमध्ये एक पोरगा उभा होता, त्याच्या एका हातात लाल माळ लोंबत होती आणि दुसरा हात खिशात काहीतरी शोधत होता. लटारूने त्या हातावरची नजर हलवली नाही. तोंडाने तो ओरडत होता, नको रे बाबू, नको, पण वाजंत्रीत ते कुणाला ऐकू जात नव्हते. नवरीची गाडी त्याच्या अंगाला वारा देत गेली. जीप आली. झेंडी पाहून असो की चेहरा पाहून, त्या पोराचा हात खिशातच राहिला. जीप गेली, बस गेली, आणि लटारू बारूदगाडीच्याही पलीकडे वरात दिसेनाशी होईपर्यंत झेंडी हलवत राहिला.

मग तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की पहिल्या गाडीत त्याने पाहिलेच नव्हते.

दिवस मावळायच्या आत दुसरी गाडी आली. पोलिसांच्या समोर माल उतरवून त्या गाडीत चढवला. एकही पेटी कमी नाही, एकही ओरखडा नाही. शेठ स्वतः आला होता. त्याने लटारूच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी चांगले बोलला. लटारूला ते ऐकू आले, पण आदल्या दिवशीसारखे गोड लागले नाही.

तिसऱ्या दिवशी रिना आणि चंदन माहेरी आले. रिना हसत आली, बापाच्या पाया पडली. राग नव्हता. जेवणे झाल्यावर ती ओसरीत त्याच्याजवळ येऊन बसली.

“बाबा, तुमी झेंडी हालवून राह्यले होते ना, मी गाडीत सगळ्यायले दाखवलं. म्हटलं, पाहा, माहे बाबा मले निरोप देऊन राह्यले.”

लटारू सुपारी कातरत होता. त्याने मान हलवली.

“मले पाह्यलं ना तुमी?”

“पाह्यलं ना, माय.”

“कशी दिसत होती मी?”

लटारूने अडकित्ता खाली ठेवला. आपल्याकडे नवरी कशात उभी राहते, हे त्याला ठाऊक होते. त्यात विचार करायचे काय? “लई चांगली दिसत होती,” तो म्हणाला. “पांढऱ्या साडीत एकदम तुह्या आजीवानी.”

रिना क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने त्याच्या पायावरची सुपारीची खांडे वेचून वाटीत टाकली.

“हो बाबा,” ती म्हणाली. “सगळे तसंच म्हणत होते.” आणि आत निघून गेली.

संध्याकाळी चंदा दोरीवरची लग्नाची पांढरी साडी काढून घडी घालत होती. पदरावर पिवळा डाग होता, धुऊनही गेला नव्हता. ती आपल्याच नादात बोलत होती. पंगतीत कुणीतरी रिनाच्या अंगावर वरण सांडले, म्हणून पोरीने साडी तिथेच बदलली. वरातीत ती जांभळी नेसून गेली. लटारूने साडीचे दुसरे टोक धरले. घडी होईपर्यंत त्याने ते सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने शेठला फोन करून सांगितले की आज येत नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाला, काम आहे. लेकीला आणि जावयाला घेऊन तो पोंभुर्ण्याच्या बसस्टँडवर गेला. बस लागली. चंदनने पिशवी वर ठेवली, रिना खिडकीशी बसली. लटारू खिडकीखाली उभा राहिला आणि वर बघत राहिला. अंगावर हिरवी छापाची साडी होती, बारीक पिवळ्या फुलांची. कपाळाला घाम आला होता. डाव्या कानातले डूल केसांत अडकले होते. इतके काय पाहता बाबा, असे तिने लाजून विचारले. तो काही नाही म्हणाला आणि पाहत राहिला. बस हलली, वळली, धुरळा बसला.

लटारू तिथेच उभा होता. त्या जागी पुढची बस येऊन लागली, माणसे चढली, उतरली. कंडक्टरने दारातून विचारले, “भाऊ, येता का?”

“नाई,” लटारू म्हणाला. “मी पोरीले पोचवाले आलो.”